पूजेआधीची बोरं

गिरजाच्या हातचं खाऊन कुणी थुंकलं, असं आजवर झालं नव्हतं. तिच्या हातच्या मासोळीच्या रश्श्यासाठी जंगलखात्याचा गार्डसुद्धा सायकल वळवून कोसमटोल्यात यायचा. आणि त्या दिवशी तलावापलीकडच्या नऊ नंबर गावच्या निरापद मंडलनं तिच्याच अंगणात, तिच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या पोरीला तोंडातली बोरं थुंकायला लावली.

शहाऐंशी साल, पौष सरत आला होता. अंगणात खाटेवर बोरं वाळत टाकलेली. मंडलची बासंती गिरजाच्या कुंताकडे भूमितीची वही परत द्यायला आली होती. दोघी दहावीत, एकाच बाकावरच्या. गिरजानं बोरांना मीठ-तिखट चोळलं आणि मूठभर पोरीपुढं धरली.

"नोको मावशी," बासंती म्हणाली आणि मागं वळून पाहिलं.

"काऊन नोको? माह्या बोरीची हायेत. साखरेले मागं सारतीन."

पोरीच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. तिनं एक घेतलं, मग दोन, मग गालात बिया साठवत खाऊ लागली. तेवढ्यात तलावाच्या पारीच्या बांधावरून खांद्यावर फावडं घेतलेला मंडल उतरला. त्यानं फावडं खाली टाकलं, पोरीचं मनगट धरलं, तिची मूठ उघडली. बोरं मातीत पडली.

"मा! थूक!"

पोरीला 'मा' म्हणायची त्या बंगाली लोकांची रीत. एरवी गिरजाला त्याचं फार कौतुक वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं. बासंतीनं मान खाली घालून थुंकलं.

"गिरजाबाई, बुरा नाय मानाचा," मंडल हात जोडून म्हणाला. "पोरीचा परीक्षा हाये." आणि पोरीला घेऊन चालता झाला.

परीक्षेचा आणि बोराचा काय संबंध बाप्पा? गिरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आपल्या परीनं अर्थ लावला. आपण मासोळी धरणारे ढिवर, आपल्या हातचं यांना चालत नाही, दुसरं काय!

"आमच्या तलावातली मासोळी चालते, अन् माह्या हातचं बोर नाई चालत!" ती नवऱ्यावर कडाडली.

इस्तारी ओसरीत जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं मानही वर केली नाही. "एखांदं किडकं निंगालं असन."

"माह्या बोरीचं बोर किडकं?"

"मंग बोर चांगलं असन, मानूस किडका असन. पन मंडल तसा मानूस नाई वो."

रात्रभर गिरजाचा जीव जळत राहिला. दुसऱ्या दिवशी मंडलची बायको सरला पदराखाली मुरमुऱ्याचे लाडू घेऊन आली. पंधरा वर्षं इथं राहूनही तिचं मराठी बेताचंच. थोडं मराठी, थोडं हिंदी आणि बाकी हातवारे करून तिनं सांगितलं. माघात सरस्वतीची पूजा होते. तिच्याआधी शिकणाऱ्या पोरांनी बोर तोंडात घालायचं नाही. आधी देवीला, मग आपल्याला. जो आधी खाईल तो परीक्षेत नापास.

गिरजा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली आणि मग पोट धरून हसली.

"अवो माय! आमी नवं धान देवाले दाखवल्याबगर खात नाई, तसंच म्हना ना! हे काल सांगतलं असतं तं मी काऊन देली असती? मी रातभर तुमच्या मानसाले शिव्या देत होतो ना!"

सरलाला शिव्या तेवढ्या कळल्या. तीही हसली. गिरजाचा जीव भांड्यात पडला. पण सरला गेल्यावर तिच्या मनात एक बारीक काटा राहिला. पोट्टीनं बोरं तर खाल्ली होती. दोन-तीन तर गिळलीही होती.

नऊ नंबरचे लोक आले तेव्हा कुंता पाळण्यात होती. निर्वासितांच्या माना कॅम्पातून ट्रक भरभरून बंगाली माणसं आली. तलावापलीकडचं जंगल तोडून सरकारनं त्यांना भातशेतीच्या बांध्या आखून दिल्या, आणि गावाला नावाऐवजी नंबर दिला. कोसमटोल्याचे ढिवर धास्तावले. हे लोक पाण्यातले, आपला तलाव उपसून खातील. पण पहिल्याच आठवड्यात हा निरापद मंडल, तेव्हा पंचविशीचा काटकुळा गडी, हात जोडून इस्तारीच्या दारात उभा राहिला. जाळं टाकू की नको, विचारायला आला होता. इस्तारीनं आधी त्याला बसायला घोंगडी दिली आणि मग नाही म्हणाला. मंडलनं तो नकार पाळला. तेव्हापासून दोन घरांचं जमलं. मासोळी इस्तारीची, आणि तिकडून भाजीपाला, गूळ, लाडू.

जमलं नाही ते एकाच बाबतीत.

मंडल पहाटे चारला पोरीला उठवायचा. तिच्यासमोर कंदील, कंदिलापलीकडे स्वतः, हातात दोर वळायचं काम. पोरगी मोठ्यानं वाचायची. मंडलला मराठी अक्षर ओळखता येत नव्हतं, त्याचं शिक्षण तिकडचं, बंगालीतलं. पण आवाज थांबला की तो खोकायचा. खोकला ऐकू आला की वाचन पुन्हा सुरू. तलावावर पहाटे आवाज लांब जातो. जाळं काढायला गेलेल्या इस्तारीला अख्खा इतिहास-भूगोल फुकटात ऐकायला मिळायचा.

"पोट्टी नाई, इंजिन हाये ते," तो म्हणायचा. "बंद पडलं का मंडल हँडल मारते."

बासंतीला घरातलं काही करू द्यायचे नाहीत. पाणी सरला भरायची, भाताची रोवणी सरला करायची, कापणीला मंडल आणि सरला दोघंच वाकायचे. पोरीच्या हाताला चिखल लागला नव्हता. आणि इकडे कुंता! सकाळी आईसोबत बाजारात टोपली घेऊन बसायची, दुपारी शाळेत जायची, वाचायचं असलं तर चुलीसमोर भाकरी शेकता शेकता वाचायची.

"पोट्टीले पोहता येते, जाळं फेकता येते, बाजारात कोनाच्या बापाले भीत नाई," इस्तारी मंडलला सांगायचा. "अजून काय शिकवाचं रायते गा? पास झाली तं बरी, नाई झाली तं तलाव कुठी पळून चालला?"

मंडल गंभीर व्हायचा. "तुमचा तलाव हाये, इस्तारीभाऊ. पळत नाय. आमचा पळाला. जमीन सरकार देते, सरकार घेते. डोक्यात जे गेला, ते कोन घेते?"

"डोक्यात गेलेलं बिमारी घेते," इस्तारी म्हणायचा, आणि दोघं बिडी पेटवायचे.

माघात पूजा झाली. तलावाची माती नेऊन नऊ नंबरच्या लोकांनी देवी घडवली, पांढरी, हातात वीणा घेतलेली. सगळ्या पोरांनी आपापली पुस्तकं तिच्या पायाशी रचली. त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. वर्षातला तेवढा एक दिवस. बासंती पिवळं लुगडं नेसून कुंताला शोधत तलावावर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून आटत्या पाण्याच्या कडेला दोघी चिखलात हात घालून मासोळ्या धरू लागल्या. बासंतीच्या हातून दर वेळी सुटायची, आणि दर वेळी ती खिदळायची. गिरजा पारीवर बसून पाहत होती. या पोट्टीला असं हसता येतं, हे तिला पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे वाचन आणि खोकला पुन्हा सुरू झाला.

पूजेनंतर चार दिवसांनी सराव परीक्षेचा निकाल लागला. संध्याकाळी मंडल स्वतः लाडू घेऊन आला. अंगावर धुतलेला सदरा होता.

"पोरी पास झाला, गिरजाबाई! सगळा विषय पास! आता बोर्डाचा भय नाय."

"चांगलं झालं भाऊ," गिरजा म्हणाली आणि लाडू तोंडात घातला. तेवढ्यात तिची नजर कुंतावर गेली. कुंता चुलीकडे तोंड करून बसली होती, आणि भाकरी करपत होती.

मंडल गेल्यावर गिरजानं विचारलं. "काय झालं वो? तू नापास झाली का?"

"मी झालो पास. कशीतरी." कुंतानं भाकरी उलटली. "बासंती गणितात नापास हाये, माय. घरी खोटं सांगतलं तिनं."

गिरजाला तोंडातला लाडू गिळवेना आणि थुंकवेना.

"बोरानं झालं म्हन्ते," कुंता म्हणाली. "पेपरच्या वेळी गनित पाह्यलं का बाबाचा आवाज ऐकू येते म्हन्ते, थूक, थूक. मंग काहीच सुचत नाई."

ती बोरं कुणी दिली होती? गिरजा उठून अंगणात गेली. खाटेवरची वाळलेली बोरं तिनं टोपलीत भरली आणि माळ्यावर नजरेआड ठेवून दिली. मंडलला सांगावं असं तिच्या तीनदा मनात आलं. पण माणूस धुतलेला सदरा घालून आला होता. तिला धीर झाला नाही, आणि दिवस निघून गेले.

शाळेत हॉल तिकिटं वाटायची होती तो बाजाराचा दिवस होता. शाळा बाजाराच्या अगदी तोंडावर. समोरच्या चिंचेखाली गिरजा आणि कुंता मासोळीची टोपली घेऊन बसल्या होत्या. दहावीच्या पोरांच्या घरचं कुणीतरी येऊन तिकीट घेऊन जा, असा निरोप होता. मंडल तोच धुतलेला सदरा घालून व्हरांड्यात उभा होता. बासंती सोबत नव्हती.

बारसागडे सर माणूस वाईट नव्हते, पण त्यांचा आवाज असा की बाजारातली गुरं मान वर करायची.

"मंडल, तुमच्या मुलीला यंदा बसवू नका. सराव परीक्षेत गणितात नापास आहे. एकदा नापासाचा शिक्का बसला की धीर सुटतो पोरांचा. पुढच्या वर्षी बसवा."

"पास झाला ना, सर," मंडल हसून म्हणाला. "सगळा विषय पास."

"कोणी सांगितलं तुम्हाला? हे काय, निकालपत्र. वाचा ना."

मंडलनं कागद हातात घेतला. त्यानं तो वरून खालपर्यंत पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली. मागं रांगेत उभ्या असलेल्या लोकांत कुणीतरी हसलं. बाजूची बाई दुसऱ्या बाईच्या कानाशी लागली. मंडलनं कागदाची नीट घडी घातली.

"तिकट द्या, सर," तो म्हणाला. "बसाचा का नाय, मी पाहते."

तिकीट घेऊन तो पायऱ्या उतरला, रस्ता ओलांडला आणि गिरजाच्या टोपलीशेजारी मातीत बसला. धुतलेल्या कपड्यांची त्याला शुद्ध नव्हती. कुंता उठून हळूच बाजूला झाली.

"मले ठाऊक होतं, भाऊ," गिरजा म्हणाली. लपवून काय करायचं होतं? "तुमी लाडू आनले, त्याच दिवशी समजलं. माह्यानं बोलवलं नाई."

मंडल टोपलीवर वाकला. मासोळीवरच्या माश्या हातानं हाकत राहिला.

"चौसष्ट साल," तो म्हणाला. "खुलना, बॉर्डरच्या पलीकडे. माझा मॅट्रिकचा परीक्षा. नव दिवस बाकी होता. दंगा झाला. बाबा बोलला, जे हातात येते ते घे, पळ. आईनं तांदळाचा गाठोडी माझ्या हातात दिला. मी ते ठेवला, पुस्तकाचा गाठोडी घेतला." त्यानं माशी हाकली. "तीन दिवस चालला आमी. लहान बहीन भात मागत होता. पुस्तक होता, भात नव्हता. कॅम्पात कोनी विचारला नाय, मॅट्रिक का काय. फावडा दिला हातात."

"मंग पोट्टीले काऊन..."

"मी एक पेपर पन दिला नाय, गिरजाबाई. एक पन. फेल झाला असता तरी चालला असता. आता वाटते."

गिरजाच्या घरात परीक्षा म्हणजे येणारा-जाणारा ढग होता, पडला तर पडला. या माणसानं परीक्षेसाठी बहिणीला उपाशी ठेवलं होतं, आणि ते वीस-बावीस वर्षं छातीवर घेऊन फिरत होता. उरलेली मासोळी तिनं शेजारणीला सोपवली आणि उठली.

"चाला घरी," ती म्हणाली. "पोट्टीले मारू नोका, एवढंच सांगतो."

"मी मारत नाय," मंडल म्हणाला. "कधी नाय मारला."

गिरजा, मंडल आणि मागं कुंता, तिघं पारीवरून चालले होते. ऊन डोक्यावर आलं होतं. मंडलच्या बांधीत भातामागून पेरलेली लाखोळीची डाळ पिवळी पडून उपटायला आली होती, आणि त्या बांधीत कुणीतरी वाकलेलं होतं. सरला असेल असं गिरजाला वाटलं. जवळ गेल्यावर पाहते तर बासंती. ओढणी कमरेला बांधलेली, चेहरा लालबुंद, दोन्ही हातांनी लाखोळीचे वेल खसाखसा ओढत होती.

"अवो पोट्टे!" गिरजाच्या तोंडून आधी तेच निघालं. "लाखोळी भर दुपारची उपटते का कोनी? पाहाटे दवात उपटाव लागते! शेंगा तडकून राह्यल्या ना!"

खरंच तडकत होत्या. तडतड आवाज होत होता आणि दाणे भेगांत उडत होते. अर्धी बांधी अशी वाया गेली होती. एवढी शेतकऱ्याची पोर, आणि तिला हे ठाऊक नव्हतं. कोण सांगणार होतं तिला? तिला बांधीत पाऊल टाकू दिलं होतं का कुणी?

बासंती सरळ उभी राहिली. बापाच्या हातातला कागद तिनं पाहिला. बापाशी ती बोललीच नाही. गिरजाकडे वळून गिरजाच्याच बोलीत म्हणाली, "मावशी, तुमी सांगा बाबाले. मी नाई बसत परीक्षेले. मी आता कामच करतो. मले सारं काम येते."

"दिसून राह्यलं ना किती येते ते," कुंता पुटपुटली.

मंडल बांधीत उतरला. त्यानं पोरीचे हात धरून पालथे केले. कोवळे तळवे कापले गेले होते. बोटांच्या पेरांतून रक्त आलं होतं आणि त्यात माती भरली होती. त्याच्या स्वतःच्या हातांना एव्हाना वेलानं काय, विळ्यानंही काही व्हायचं नाही. तो ते हात धरून उभा राहिला. मग तो बंगालीत काहीतरी म्हणाला, आणि पोर एकदम ओरडली. गिरजाला त्यातलं एकच कळलं, बोर.

"काय म्हन्ते?"

"मी नापास झालो, कारन मी पूजेआधी बोरं खाल्ली," बासंती रडत म्हणाली. "अन् बाबानं पाह्यलं. आता बोर्डातबी तसंच होईन. देवीले राग आला."

गिरजा तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुंता बोलली. कुंताच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्या दिवशी ते नव्हतं तेच बरं झालं.

"अवो, काय सांगते? तू तं चौथीपासून खाते!"

मंडलच्या हातातून पोरीचे हात सुटले.

"शाळेच्या मागच्या बोरीची," कुंता म्हणाली. "दर साली. माह्यापक्षा जास्त खाते हे, मंडलकाका. सातवीत तं पूजेच्या आदल्या दिवशी ओटी भरून खाल्ली, अन् वर्गात दुसरी आली."

बासंती हुंदका गिळून कुंताकडे पाहत राहिली. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण बापानं मूठ उघडली त्या दिवसापासून तिला दुसरं काही आठवतच नव्हतं. मंडल एकदा या पोरीकडे, एकदा त्या पोरीकडे पाहत होता. सहा वर्षं त्यानं बोराच्या झाडाकडे पोरीला पाहू दिलं नव्हतं, असा त्याचा समज होता.

"मंडलभाऊ," गिरजा म्हणाली, "मंग तं बोरानंच पास केली म्हना पोट्टीले! अवंदाच कमी पडली. सारी खाऊ देली असती तं गनितबी सुटलं असतं."

मंडलच्या घशातून कसलातरी आवाज आला. गिरजाला आधी वाटलं माणूस रडतोय. तो हसत होता. हसता हसता तो लाखोळीत खाली बसला आणि मग खरंच रडला. बापाला तसा पाहून बासंतीही त्याच्याजवळ बसली. गिरजानं कुंताचा हात ओढला आणि दोघी बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं मंडल उठला. खिशातून त्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं हॉल तिकीट काढलं. पोरीचे हात रक्तानं भरलेले, म्हणून ते त्यानं गिरजाकडे दिलं.

"तुमी ठेवा," तो म्हणाला. "बसाचा का नाय, पोरी सांगेल. मी नाय सांगत."

त्यानंतर तीन दिवस पहाटे नऊ नंबरकडून आवाज आला नाही. ना वाचन, ना खोकला. इस्तारीला जाळं काढताना चुकल्याचुकल्यासारखं झालं. "अकबर कुठवर आला होता, समजलंच नाई," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी बासंती आली. हातांना हळदीचं फडकं बांधलेलं.

"तिकीट द्या, मावशी," ती म्हणाली. "पन मी इथीच वाचीन. कुंतासंग."

तेव्हापासून दोघी गिरजाच्या ओसरीत बसू लागल्या. कुंताला भाषेचे विषय जमत नव्हते, ते बासंती शिकवायची. गणित कुंता शिकवायची आणि तिची शिकवायची तऱ्हा तिचीच. अंगणात खुंटी ठोकून तिनं जाळ्याचा दोर बांधला, दोर ताणून गोल फिरली आणि मातीत वर्तुळ काढलं. "दोर तेवढी त्रिज्या. जाळं फेकलं का ज्याची त्रिज्या मोठी, त्याले मासोळी जास्त. यात रडाचं काय हाये?" बासंती हसली. खुंटीभोवती तीही फिरली.

मंडल ओसरीत येत नसे. पण पहाटे पारीवर कुणीतरी उकिडवं बसलेलं असे, अंधारात बिडीचा लाल ठिपका दिसे. तो खोकत नव्हता. इस्तारीनं एकदा जाळं खांद्यावर टाकून त्याच्याजवळ बसत विचारलं, "घसा बरा झाला का गा?" मंडल नुसता हसला.

खोकला लागला तो दुसऱ्याच कुणाला. एके दिवशी कुंता पुस्तकावर पेंगत होती, तर आतून आवाज आला, "अंऽऽ हं!" कुंता दचकून वाचू लागली. इस्तारीनं आत डोकावून पाहिलं. बायको चुलीशी बसून साळसूदपणे फुंकणी फुंकत होती.

"आता तूबी का वो?"

"धूर गेला घशात," गिरजा म्हणाली. पण खरं सांगायचं तर गेले काही दिवस तिच्या मनात काहीतरी शिरलं होतं. पोट्टी पास झाली तर बरी, नाही झाली तर तलाव आहेच, हे आता तिला तितकंसं गोड लागत नव्हतं. हे कुठून आलं, तिला ठाऊक होतं. तिला मंडलचा थोडा रागही आला.

चामोर्शीच्या केंद्रावर गणिताचा पेपर होता त्या दिवशी गिरजा आणि मंडल दोघं पोरींसोबत पहिल्या एसटीनं गेले. सरला मागं राहिली. उरलेली लाखोळी झोडायची होती. एसटीत बासंतीनं काही खाल्लं नाही. फाटकाशी ती थांबली. पोरं आत जात होती, शिपाई तिकिटं पाहत होता.

"बाबा," ती म्हणाली. पुढचं तिनं बंगालीत म्हटलं.

मंडलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं काहीच सांगितलं नाही. नीट लिही म्हणाला नाही, घाबरू नको म्हणाला नाही. कुंतानं बासंतीचा दंड धरला. "चाल ना, आपला नंबर मागंपुढंच हाये," असं म्हणत ती तिला आत घेऊन गेली. घंटा झाली, शिपायानं फाटक लावलं.

बाकीचे मायबाप लिंबाच्या सावलीला गेले. मंडल फाटकाचा गज धरून उन्हात उभा राहिला.

"तिकडे सावलीत चाला ना भाऊ. तीन घंटे हायेत."

"ठीक हाये."

"गज तापला असन."

"ठीक हाये, गिरजाबाई."

गिरजानं दोनदा पाणी नेऊन दिलं. पहिल्या तासानंतर एक पोरगा बाहेर आला, कोरा पेपर देऊन. मंडलनं त्याच्या मागं टाचा उंचावून पाहिलं. बासंती नव्हती. दुसऱ्या तासानंतर चौघं आले. तेव्हाही नव्हती. गिरजा स्वतःच्याही नकळत त्याच्या शेजारी उन्हात येऊन उभी राहिली होती.

शेवटची घंटा झाली. पोरं लोंढ्यानं बाहेर आली. कुंता पुढं, तिच्यामागं बासंती. बोटांना शाई लागलेली, कपाळावर घाम. बापासमोर येऊन ती उभी राहिली आणि तिनं खाली पाहिलं.

"बाबा, दोन गनितं नाई सुटली. एक मोठं होतं." ती मराठीतच बोलली, घाईघाईनं. "पास होईन का नाई, सांगता नाई येत."

"पेपर दिला?" मंडलनं विचारलं.

"देला."

"तीन घंटे बसला? बेल होईपर्यंत?"

"बसलो."

मंडलनं तिचा शाई लागलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तळव्यावरच्या जखमा भरत आल्या होत्या. हात न सोडताच तो गिरजाकडे वळला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"गिरजाबाई, पाहा," तो म्हणाला. "माझ्या घरातला मानुष परीक्षा देऊन भायेर आला."

गिरजानं मान हलवली. मग तिनं पदरानं डोळे टिपले, दोन्ही पोरींना पुढं घातलं आणि एसटी स्टँडकडे चालू लागली.